धक्क्याचा हिशेब

आवडीत धक्क्याला कोणी चांगलं म्हणत नाही. गाव रणगाड्यांचं आहे. चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणारी लोकल अंबत्तूर, तिरुमुल्लैवायल करत आवडीला येते, तेव्हा डब्यातली बरीच माणसं कुठल्या ना कुठल्या संरक्षण कारखान्याची, डेपोची नाहीतर प्रयोगशाळेची असतात. ती एकमेकांशी कामाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मुलांच्या ट्यूशनबद्दल मात्र स्टेशन येईपर्यंत बोलतात. १९६५ साली इथल्या अवजड वाहनांच्या कारखान्यातून पहिला 'विजयंता' बाहेर पडला. मग 'अजेय', 'भीष्म', 'अर्जुन' अशी नावं येत गेली. नावं ऐकून वाटावं, इथे अहोरात्र चढाईचाच विचार चालत असेल. माझा नवरा अंबरनाथहून बदली होऊन इथे आल्यापासून जेवताना तळमळीने बोलत आलाय तो एकाच विषयावर. धक्का जिरवायचा कसा?

(गुप्ततेची काळजी नको. तो बोलतो ते सगळं कुठल्याही पुस्तकात छापलेलं असतं. छापलेलं नसेल तेव्हा तो भात कालवतो.)

तोफेचा गोळा पुढे जातो तेव्हा तोफ मागे येते. रणगाड्यात तिला मागे यायला जागा ती किती? आत माणसं बसलेली, दारूगोळा रचलेला. म्हणून नळी आपल्या पाळण्यात मागे सरकते, तेलाच्या सिलिंडरमध्ये तो जोर हळूहळू विरतो आणि दाबलेला वायू नळीला पुन्हा जागेवर आणून ठेवतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत. नवऱ्याच्या मते रणगाडा बनवण्यातली खरी अक्कल इथेच आहे. गोळा काय, कोणीही फेकेल.

गंमत अशी, की आवडीपासून उत्तरेला सरळ रेघ मारली तर सत्तरेक किलोमीटरवर श्रीहरिकोटा आहे, आणि तिथे अख्खं बेट, रेल्वेच्या रुळांवरून सरकणारे मनोरे आणि हजारो माणसं नेमकी उलटी खटपट करतात. त्यांना मागे काय फेकलं गेलं याच्याशी कर्तव्य नाही. ते धूर होऊन बंगालच्या उपसागरावर पसरतं, कोणाला लागत नाही, कुठे पोचत नाही. त्यांना हवा असतो तो फक्त धक्का. इकडे जो जिरवण्यासाठी तेल, सील आणि नवऱ्याची झोप खर्ची पडते, तोच तिकडे कण न् कण जपून वापरतात. रॉकेट म्हणजे नेम नसलेली तोफ. हे वाक्य मी एकदा घरात म्हणून दाखवलं. नवऱ्याला ते तोफेचा अपमान वाटलं आणि आमच्या लेकीला रॉकेटचा.

लेक अकरावीत आहे. तिच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, गतीच्या नियमांच्या धड्यामागे, एक साधंसं उदाहरण आहे. उड्डाणाच्या वेळी रॉकेटचं वस्तुमान २०,००० किलो. ते ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने वर निघालं. तर सुरुवातीचा रेटा किती? रॉकेट कुठे चाललंय, आत कोण आहे, मागे घरी कोण आहे, काही नाही. लेकीने दोन संख्यांचा गुणाकार केला, एक लाख न्यूटन असं लिहून खाली दुहेरी रेघ मारली आणि वही मिटली. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. नियम पाठ होता.

उत्तर पाहिलं तर तीन लाख. मग रीतीप्रमाणे आधी पुस्तक चुकलं असं ठरलं, मग छपाई, मग सरांनी सांगितलेलंच वेगळं होतं असं ठरलं. तास गेला. शेवटी तिनेच एक गोष्ट केली, आणि ती मला फार आवडली. आपल्या एक लाख न्यूटनचं त्या रॉकेटवर काय होईल ते तिने पाहिलं. त्या रॉकेटचं वजनच, गुरुत्वाचं त्वरण १० धरलं तर, दोन लाख न्यूटन. म्हणजे तिचं रॉकेट धूर काढेल, गर्जना करेल, टीव्हीवर टाळ्या पडतील, आणि ते जागचं हलणार नाही. दोन लाख नुसते उभं राहण्यासाठी, वरचे एक लाख पुढे जाण्यासाठी. पगारदार माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

या उभं राहण्याच्या खर्चाला रॉकेटवाले फार वचकून असतात. रॉकेट चौथऱ्यावरून जितकं रेंगाळत उठेल, तितकं इंधन नुसतं स्वतःला तोलून धरण्यात जातं.

तीन लाख मिळाले, पण ते येतात कुठून, हा प्रश्न उरलाच. आमच्या शेजारच्या मामींचं उत्तर तयार होतं. मामी हुशार आहेत. दर प्रक्षेपणाआधी इस्रोची मोठी मंडळी सुल्लुरपेटच्या चेंगाळम्माच्या देवळात जाऊन येतात, ही बातमी त्या पेपरातून आवर्जून वाचतात, आणि एवढी काळजी घेणाऱ्या माणसांचं सहसा चुकत नाही असा त्यांचा विश्वास आहे. त्यांचं म्हणणं, आग खाली जमिनीला रेटते, जमीन संपली की हवेला रेटते, म्हणून रॉकेट वर जातं. मग हवा संपल्यावर? मामी म्हणाल्या, तोवर त्याला सवय झालेली असते.

मामींना हसायचं कारण नाही. १३ जानेवारी १९२० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून रॉबर्ट गोडार्ड यांची अशाच मुद्द्यावर टर उडवली होती. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला काही नाही, एवढंही या प्राध्यापकाला कळू नये, हे तर शाळेत शिकवतात, असा एकंदर सूर. गोडार्ड बिचारे सहा वर्षांनी, १९२६ च्या मार्चमध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवून मोकळे झाले आणि १९४५ मध्ये वारले. वृत्तपत्राने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ ला. अपोलो ११ आदल्या दिवशी निघालं होतं आणि हवेबाहेरच्या पोकळीतून चंद्राच्या वाटेवर होतं. एकोणपन्नास वर्षं. त्या मानाने मामी लवकर वळल्या.

त्या वळल्या रणगाड्यामुळे. नवऱ्याने ताटातली चटणी बाजूला सारली आणि सांगायला सुरुवात केली. टी-७२ ची तोफ १२५ मिलिमीटरची. चिलखत भेदणारा तिचा बाण सहा-सात किलोचा, वेग सेकंदाला सुमारे १,७०० मीटर. सात धरा. सात गुणिले सतराशे, म्हणजे संवेग झाला बाराएक हजार. बाणामागच्या गरम वायूचा हिशेब वेगळा, तो आज सोडून देऊ. आता एवढाच संवेग उलट्या दिशेने रणगाड्याच्या वाट्याला. रणगाडा चाळीस-बेचाळीस टनांचा, म्हणून त्याच्या वाट्याला येतो सेकंदाला तीसेक सेंटिमीटरचा वेग. बाण पुढे हवेला भिडला की नाही, भिंतीला लागला की नाही, याचा नळीशी संबंध नाही. नळी सोडतानाच धक्का देऊन झालेला असतो.

"म्हणजे हवेचं काही काम नाही," मामी म्हणाल्या.

"हवा असली तर अडचणच," लेक म्हणाली. एव्हाना ती तज्ज्ञ झाली होती.

एका गोळ्याचा एक धक्का. गोळे सुटतच राहिले तर धक्के एकमेकांना जोडून एक सलग रेटा होतो. रॉकेटचा रेटा म्हणजे दर सेकंदाला किती किलो मागे फेकलं, गुणिले ते रॉकेटच्या मानाने किती वेगाने फेकलं. नळीच्या तोंडाशी वायूचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा वेगळा असेल तर त्याची थोडी भर किंवा तूट असते, पण अकरावीला ती माफ आहे.

मग खरं रॉकेट घ्यायचं ठरलं. एलव्हीएम-३, आपलं सगळ्यात दणकट. चंद्रयान-३ यानेच नेलं. उभं असतं तेव्हा ६४० टन. जमिनीवरून उठताना त्याची मधली द्रव इंधनाची इंजिनं पेटलेलीच नसतात. ती जवळपास दोन मिनिटांनी पेटतात. सगळा भार दोन बाजूंच्या दोन घन इंधनाच्या बूस्टरांवर, ज्यांना एस-२०० म्हणतात. एकेकात सुमारे २०५ टन इंधन, आणि ते १३० सेकंदांच्या आसपास संपतं. म्हणजे एक बूस्टर सेकंदाला जवळजवळ १,६०० किलो बाहेर टाकतो, तेही सेकंदाला अडीच किलोमीटरच्या वेगाने. गुणाकार चाळीस लाख न्यूटन. दोघांचे मिळून ऐंशी लाख. रॉकेटचं वजन चौसष्ट लाख. उरले सोळा लाख, भागिले ६४० टन: अडीच मीटर प्रति सेकंद वर्ग. पुस्तकातल्या रॉकेटच्या बरोबर निम्मं! हे सगळं सरासरीने. सुरुवातीला जोर याहून अधिक असतो. तरी लेकीचा चेहरा पडला. पुस्तकातलं रॉकेट इस्रोपेक्षा चपळ निघेल अशी तिची अपेक्षा नव्हती.

नवऱ्याने मात्र ऐंशी लाखाला बारा हजाराने भागलं आणि गप्प झाला. साडेसहाशेच्या वर येतात. दर सेकंदाला साडेसहाशे तोफा, दोन मिनिटं, आणि जिरवायला कोणी नाही.

हे बूस्टर पाहिले की मला माहेर आठवतं, त्याला कारण आहे. माझं माहेर इंदापूरकडचं. त्या पट्ट्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंदांनी माळरानावर वसवलेलं, उसाचं आणि साखर कारखान्यांच्या यंत्रांचं गाव. तिथल्याच कारखान्यात इस्रोच्या घन इंधन बूस्टरांच्या पोलादी नळकांड्यांचे खंड बनतात, आणि मधल्या टप्प्यातली 'विकास' इंजिनं मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये. उसाच्या गाड्यांमागून तीन मीटरहून जास्त व्यासाचं एक पोलादी कडं रस्त्याने निघतं, त्याचं काय होणार हे शेतातल्या माणसाला ठाऊक नसतं, आणि ते इथे आमच्या उत्तरेला येऊन पेटतं. कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूरला १७८० मध्ये हैदर आणि टिपूच्या फौजेने इंग्रजांवर रॉकेटं सोडली, त्यांचंही मर्म लोखंडी नळीतच होतं. कागदी किंवा बांबूची नळी दाबाने फुटते. लोखंडी टिकते, आत दाब चढू देते, आणि दाब चढला तरच वायू जोरात सुटतो.

नळकांड्यात भरतात ते इंधनही दिसायला कंटाळवाणं असतं, रबरासारखं घट्ट. हे घन इंधन आपलं आपण बनवावं म्हणून थुंब्याला आयुष्य घातलेल्या माणसांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्रणी होते. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक तेच होते. महाराष्ट्राने त्यांना जास्त ओळखलं ते मान्सूनच्या अंदाजामुळे. पाऊस आला नाही की माणसाला नाव ठेवता येतं, रॉकेट इंधनाला कोण ठेवणार?

घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, कमीजास्त करायला कॉक नाही. मग रेटा कमीजास्त करायचा कसा? इंधनाच्या मधोमध लांबच लांब पोकळी ठेवलेली असते, आणि जळणं त्या पोकळीच्या भिंतीवर चालतं. भिंत जितकी मोठी तितका वायू जास्त. पोकळी साधी गोल ठेवली तर इंधन जळत जातं तशी ती रुंदावते आणि रेटा वाढत जातो. चांदणीच्या आकाराची कापली तर सुरुवातीलाच भिंत मोठी मिळते, मग टोकं झिजतात आणि रेटा आटोक्यात राहतो. कोणत्या सेकंदाला किती जोर लागणार हे आधी कागदावर ठरतं आणि त्याप्रमाणे आतलं भोक कोरतात. लेकीच्या वहीत रेटा ही एक संख्या आहे. श्रीहरिकोट्यात ती एका भोकाची आकृती आहे. मला हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही; घरात पोळ्या चांदणीसारख्या होत होत्या असं नवरा म्हणतो, पण त्या आधीपासूनच तशा होतात.

यापुढचा भाग झोपाळ्याशिवाय समजत नाही. मामींच्या दिवाणखान्यात पितळी कड्यांचा ऊंजल आहे. त्यावर लेक बसली आहे आणि मांडीवर वीस नारळ आहेत असं धरा. एकेक नारळ ती मागे फेकते. पहिला फेकला तेव्हा झोपाळा जेमतेम हलला, कारण उरलेले एकोणीस नारळही तिलाच ढकलायचे आहेत. शेवटचा फेकताना हात तोच, नारळ तेवढाच, पण झोपाळा केवढा तरी पुढे जातो, कारण आता ती एकटी आहे. (प्रत्यक्ष प्रयोग झाला नाही. मामींनी फरशीकडे पाहिलं आणि नारळ चटणीसाठी आहेत असं सांगितलं.) रॉकेटचं पहिलं इंधन बहुतेक करून नंतरचं इंधन उचलण्यातच खर्च होतं. १९०३ मध्ये त्सिओलकोव्हस्की नावाच्या रशियन शाळामास्तराने याचं सूत्र छापलं. वायूच्या वेगाइतका वेग रॉकेटला हवा असेल तर सुरुवातीचं वजन रिकाम्या वजनाच्या २.७ पट लागतं. दुप्पट हवा असेल तर ७.४ पट, तिप्पट हवा तर वीस पट. पृथ्वीभोवती नुसतं फिरत राहायलाच सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर लागतात. म्हणून रिकामे टप्पे वाटेत टाकून देतात. तरीही चंद्रयान-३ चे ३,९०० किलो न्यायला ६४० टनांचा खटाटोप. शेकड्याला एकसुद्धा नाही. याच आवडीत १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. त्या ठरावात बसणार नाही अशी एक वस्तू शोधायची तर ती रॉकेटच; नव्याण्णवांनी जळायचं आणि एकाने पोचायचं.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. एलव्हीएम-३ सीएमएस-०३ नावाचा उपग्रह घेऊन संध्याकाळी ५ वाजून २६ मिनिटांनी निघणार होतं. आमच्याकडे अशा वेळी गच्चीवर, म्हणजे इथल्या भाषेत मोट्टै माडीवर, सगळी वस्ती जमते. दिवस ईशान्य मान्सूनचे, ढग होतेच. कपडे वाळत घालायच्या तारांमधून ईशान्य दिशा कोणती यावर नेहमीचे मतभेद झाले. मामींनी फोनवर थेट प्रक्षेपण लावलं होतं. पण फोन मागे असतो, आणि क्षितिजाजवळच्या झाडांच्या वर यायला रॉकेटलाही अर्धं मिनिट लागतं, त्यामुळे नक्की कधी बघायचं हे कोणालाच कळत नाही. फोनमध्ये अजून धूरच दिसत होता तेव्हा एक मुलगा ओरडला. ढगांच्या फटीत नारिंगी ठिपका, आमच्या हिशेबाच्या मानाने फारच आळशी, वर सरकला, पुढच्या ढगात शिरला, एकदा बाहेर डोकावला आणि संपला. मामी फोनकडे पाहत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा काही उरलं नव्हतं.

"आवाज येईल आता," कोणीतरी म्हणालं. लेकीने लगेच हिशेब केला. सत्तर किलोमीटर, सेकंदाला ३४० मीटर, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आसपास. आवाज आलाच तर तो अशा बूस्टरांचा असेल जे तोवर जळून, सुटून, समुद्राच्या वाटेला लागलेले असतील. साडेतीन मिनिटं सगळे गंभीर चेहऱ्याने उभे राहिले. मग एक लोकल गेली.

रात्री जेवताना लेकीने नवी गोष्ट काढली. शेवटच्या टप्प्यातल्या क्रायोजेनिक इंजिनाचा वायू रॉकेटच्या मानाने सेकंदाला साधारण ४.३ किलोमीटरने मागे सुटतो. पण रॉकेटचा स्वतःचा वेग तेव्हा वाढत वाढत दहा किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला वायूदेखील पुढेच चाललेला दिसेल, रॉकेटच्याच दिशेने, फक्त जरा सावकाश.

नवऱ्याने घास खाली ठेवला. "वायू पुढेच चाललाय तर मागून ढकलतंय कोण?"

"म्हणून तर सूत्रात रॉकेटच्या मानानेच वेग घ्यायचा, बाबा. जमिनीच्या मानाने नाही."

"सूत्र राहू दे. मला समजेल असं सांग."

तिने रणगाडा काढला. धरा की तो सेकंदाला दोन किलोमीटरने पुढे धावतोय आणि तोफ मागे वळवून डागली. बाण सतराशेने मागे. जमिनीवरच्या माणसाला तो तरीही तीनशेने पुढेच जाताना दिसणार. पण नळीला धक्का बसला की नाही? तेवढाच बसला.

हे पटायला हरकत नव्हती, पण सेकंदाला दोन किलोमीटर त्याला कागदावरसुद्धा सोसेना. "ट्रॅक तुटतील," तो म्हणाला. लेकीने ट्रॅक खोडले. "रोड व्हील्स?" तीही खोडली. गिअरबॉक्स गेला, इंजिन गेलं, जमीन गेली. रणगाडा आकाशात अधांतरी, मागे तोंड करून तोफ डागत निघाला.

"आता हा रणगाडा राहिलाच कुठे?"

"तेच तर म्हणतेय. हे रॉकेट आहे."

त्याने कागद जवळ ओढून बराच वेळ पाहिला. "मग रिकॉइलचे सिलिंडर काढून घे," तो म्हणाला, "स्टोअरला जमा करावे लागतील."